श्रोते मोजण्याचे शब्द : ‘रेटिंग’ आणि ‘फॉरमॅट’ला मराठीत काय म्हणावं?

लोकमान्य नगर, इंदूर :
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंदूरच्या रेडिओवर लेख लिहिते आहे. मालवा हाउसमधलं आकाशवाणी केंद्र १९५५ सालचं. खासगी एफएम देशात २००१ मध्ये बेंगळुरूला सुरू झालं आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रेडिओ मिर्चीने आपलं पहिलं स्टेशन उघडलं ते मुंबई-दिल्लीत नव्हे, आपल्या इंदुरात. पुढे माय एफएम, रेड एफएम, बिग एफएम आले आणि ‘आम्हीच नंबर वन’ची चढाओढ लागली. इथवर लेख सुरळीत झाला, अडला तो दोन शब्दांवर. ‘रेटिंग’ला मी ‘मानांकन’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘लोकप्रियता’ केलं. ‘फॉरमॅट’ म्हणजे स्टेशनवर काय आणि कशा ढंगाने लावायचं ते; ‘फॉरमॅट बदलला’ला मी ‘स्वरूप बदललं’ लिहिलं, पण त्यातून नक्की काय बदललं ते कळत नाही. जाणकारांनी सुचवावं.

रामबाग, इंदूर :
ताई, ‘मानांकन’ नको आणि ‘लोकप्रियता’ तर मुळीच नको. मानांकनात कुणीतरी तपासणारा असतो. महाविद्यालयाला नॅकचं मानांकन मिळतं, हॉटेलला तारे मिळतात. रेडिओच्या रेटिंगमध्ये कार्यक्रम चांगला की वाईट हे कुणी तपासत नाही. तिथे फक्त माणसं मोजतात. मी जाहिरातींच्या धंद्यात होतो. दहा सेकंदांचा दर ठरवताना गिऱ्हाईक हाच आकडा मागायचा.

खरा घोळ पुढे आहे. हा आकडा एक नसतो. समजा, एका गल्लीत शंभर माणसं आहेत. सकाळी आठला त्यांतल्या वीस जणांचा रेडिओ सुरू आहे आणि आठ जण ‘अ’ स्टेशन ऐकताहेत. शंभरातले आठ, म्हणून रेटिंग ८. पण ज्यांचा रेडिओ सुरू आहे अशा विसांतले आठ म्हणजे ४० टक्के, हा झाला शेअर. दुपारी तीनला पाचच जण रेडिओ ऐकतात, त्यांतले तिघे ‘अ’वर. रेटिंग ३ वर उतरलं आणि शेअर ६० वर चढला! ऐकणारी माणसं आठाची तीन झाली, पण जाहिरातीत ‘साठ टक्के’ हेच छापता येतं. शेअरला ‘वाटा’ म्हणा, चोख शब्द आहे. मात्र वाटा कशातला, ते प्रत्येक वेळी लिहा.

तिसरी गोष्ट ‘पोहोच’. आठवडाभरात निदान एकदा ज्यांनी स्टेशन ऐकलं ती सगळी माणसं यात येतात. रिक्षात बसल्यावर पाच-दहा मिनिटं कानावर पडलं, तेवढंही पुरतं. म्हणून एक स्टेशन पोहोचीत पहिलं असतं, दुसरं ऐकण्याच्या वेळात. दोघांच्याही फलकावर ‘नंबर वन’ असतं आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

पुणे :
‘श्रोतृसंख्या’ का नको? वर्तमानपत्रांत रूढ आहे.

रामबाग, इंदूर :
संख्या म्हणजे डोकी. रेटिंग हे प्रमाण आहे. इंदूरचे ८ आणि मुंबईचे ८ सारखे दिसतात, डोकी सारखी नसतात. मला ‘श्रवणमान’ सुचतो. पर्जन्यमान, तापमान, आयुर्मान यांत ‘मान’ हे मोजमापच आहे, त्याला चांगल्या-वाईटाचा वास नाही.

पुणे :
काका, ‘श्रवणमान’ आवडला. पण लेखात एकदम आला तर वाचकाला श्रवणयंत्र आठवेल. पहिल्यांदा ‘रेटिंग, म्हणजे श्रवणमान’ असं लिहून पुढे श्रवणमानच चालवावं.

सुदामा नगर, इंदूर :
ताई, शब्दाआधी एक खुलासा लेखात हवा. ‘रॅम’ नावाची रेडिओ-श्रोत्यांची नियमित मोजणी २००७ मध्ये सुरू झाली. ती दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बेंगळुरू या चार शहरांत होत असे. इंदूर त्यात नव्हतं. आपल्याकडचे दावे वेगळ्या पाहण्यांवरून होतात, म्हणून ‘नंबर वन’च्या शेजारी पाहणीचं नाव आणि वर्ष असल्याशिवाय तो आकडा छापू नका.

रॅमची पद्धत रोजनिशीची होती. निवडलेल्या घरांतली माणसं पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत कोणतं स्टेशन ऐकलं ते भरायची. म्हणजे नोंद होते ती आठवणीची. ज्या स्टेशनचं नाव दर दोन गाण्यांमागे कानावर आदळतं ते रोजनिशीत हमखास उतरतं. निवेदक सारखं नाव का घेतात, याचं कारण यात बरंच आहे. अमेरिकेत मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचं छोटं यंत्र देतात. प्रसारणात मिसळलेली, माणसाला ऐकू न येणारी खूण ते टिपतं. तिथे स्मरणशक्तीचा प्रश्न उरत नाही, पण दुकानात दुसऱ्याने लावलेला रेडिओही ‘ऐकला’ म्हणून धरला जातो. तेव्हा एका ठिकाणी ‘आठवलेलं’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कानावर पडलेलं’. ‘श्रवण’ दोन्हीकडे लावायचं असेल तर हा फरक एका वाक्यात सांगाच.

राजेंद्र नगर, इंदूर :
फॉरमॅटला ‘बाज’. सतारीत मसीतखानी बाज, रजाखानी बाज म्हणतो तसा. वाद्य तेच, वाजवण्याची रीत निराळी. स्टेशनचंही तसंच : ९० च्या दशकातली गाणी, नवी गाणी, जुनी गाणी, भक्तिसंगीत. ‘स्वरूप’मध्ये नाव, मालक, वेळ, सगळंच येतं.

उदाहरण देते. ‘रेडिओ मिर्ची’चं नुसतं ‘मिर्ची’ झालं, ते नामांतर. पण दिल्ली-मुंबईत १०४.८ वर आधी ‘म्याँव’ होतं, बायकांसाठी गप्पांचं स्टेशन. त्याचं ‘ओये’ झालं, मग ‘इश्क’. तिथे नाव पालटलं आणि बाजही पालटला. दोन्हीला ‘स्वरूप बदललं’ लिहिलं तर वाचकाला काहीच कळणार नाही.

आणि हे लिहायला विसरू नका, की आपल्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. परदेशात बातम्यांचं स्टेशन गाण्यांचं होतं किंवा उलट. आपल्याकडे बाज बदलतो तो मुख्यतः गाण्यांच्या काळाचा आणि बोलण्याच्या ढंगाचा. मला याची खंत वाटते. याच शहरात आकाशवाणीवर नंदाजी-भेराजी ही जोडी मालवीत शेतीच्या गोष्टी सांगायचे आणि गावंच्या गावं ऐकायची. खासगी स्टेशनांवर तशा बाजाला जागा मिळाली नाही.

लोकमान्य नगर, इंदूर :
‘बाज’ घेतला. एक शंका : ‘आरजे’ला, म्हणजे रेडिओ जॉकीला, निवेदक लिहिलं तर आमच्याकडची मुलं गोंधळतात. हिंदी निमंत्रणपत्रिकेत खाली ‘निवेदक’ म्हणून घरच्या माणसांची नावं असतात.

रामबाग, इंदूर :
मग आकाशवाणीच्या माणसाला निवेदक आणि एफएमच्या माणसाला आरजे लिहा. कामंही वेगळी आहेत. निवेदक लिहून आणलेलं वाचायचा, आरजे बोलतो.

लोकमान्य नगर, इंदूर :
ठीक. वाक्य असं केलं आहे : ‘बाज बदलल्यावर सकाळच्या वेळेत स्टेशनचं श्रवणमान घटलं, रेडिओ ऐकणाऱ्यांमधला त्याचा वाटा मात्र वाढला.’

राजेंद्र नगर, इंदूर :
पाहणीचं नाव राहिलं, ताई.