निंजा 650 देऊन 1000 एसएक्स घ्यावी का?

संत्र्याची_साल

सहा वर्षं झाली, कावासाकीची निंजा 650 चालवतोय. 43 हजार किलोमीटर. तिनं मला रस्त्यात कधी उभं केलेलं नाही, म्हणून हा प्रश्न विचारताना जरा अपराधी वाटतंय.

झालं असं, की ओळखीतल्या एकाची 2021 ची 1000 एसएक्स, निंजाचीच मोठी बहीण, विकायला निघाली आहे. 16 हजार चाललेली, एकाच हातची. माझी देऊन वर चारेक लाख घालावे लागतील. नवी घ्यायचा विचार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वर 40 टक्के जीएसटी लागला, तेव्हाच तो विषय घरात बंद झाला.

वापर म्हणाल तर नागपुरात रोज बेसा ते सिव्हिल लाइन्स. महिन्यातून एखादा रविवार रामटेक नाहीतर पेंच. वर्षातून दोन-तीनदा लांब: पचमढी, चिखलदरा, एकदा हैदराबाद. लांब जाताना मागे बायको असतेच आणि खरी अडचण तिथंच आहे. मागच्या हिवाळ्यात पचमढीहून येताना ती सौंसरला उतरली आणि म्हणाली, "इथून मी बसनं येते." मी हसलो. ती हसली नाही.

1000 वर क्रूझ कंट्रोल आहे, दोन्ही बाजूंना 28 लिटरच्या पेट्या बसवता येतात, मागची सीटही रुंद आहे. घ्यावी का? स्पष्ट सांगा.

तर्री_जास्त

भाऊ, स्पष्टच सांगतो, नका घेऊ. 650 चं वजन 196 किलो, 1000 चं 238. म्हणजे फरक सिमेंटच्या गोणीला आठच किलो कमी. ती गोणी घेऊन तुम्ही रोज बेसा ते सिव्हिल लाइन्स जासाल, नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात. 2013 च्या मे महिन्यात आपल्या गावात 47.9 अंश झालं होतं, आठवते ना? अजनी चौकात सिग्नल लाल, वरून ऊन, खाली तापलेला रस्ता, अन् दोन मांड्यांच्या मधात 1043 सीसी. पाठीवर कुलर बांधसाल का?

अन् पळवणार कुठं? चार पदरी हायवेवर बाईकले 80 ची मर्यादा. समृद्धी आपल्याच गावातून निघते, 701 किलोमीटर, पण दुचाकीले तिथं बंदी. 142 पीएसची ताकद घेऊन कोंढाळीपर्यंत ट्रकच्या मागं मागं जासाल.

रामटेक_रविवार

तीन वर्षांपासून 1000 एसएक्स वापरतोय, नागपुरातच. वरचा प्रतिसाद ऐकीव माहितीवरचा वाटतो.

142 पीएस पळायला लागतच नाहीत हो. पचमढीच्या वाटेवरचा सिल्लेवानी घाट डोळ्यांसमोर आणा. मागे बायको, पेट्या भरलेल्या, पुढे चढावर रांगणारा ट्रक. 650 वर दोन गिअर खाली घ्या, इंजिन ओरडू द्या, मग निघा. 1000 वर मनगट थोडं वळवलं की ट्रक आरशात दिसतो. टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, 650 चा 64 न्यूटन मीटर आणि 1000 चा 111, यांच्यातला फरक हा आहे, आणि तो चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याला जास्त कळतो, कारण दर गिअरला हेल्मेटवर हेल्मेट आपटत नाही. कंपनीनं हिच्या जागी आणलेल्या नव्या 1100 मध्ये काय केलं बघा: इंजिन 1099 सीसीचं केलं, पॉवर 142 वरून 136 वर आणली आणि टॉर्क 113 केला. जोर कुठे हवा असतो हे त्यांनाही ठाऊक आहे.

80 च्या मर्यादेचं म्हणाल, तर 80 लाच ही गाडी सगळ्यात गोड लागते. सहावा गिअर, क्रूझ लावलेला, इंजिन जणू झोपेत. वडनेरच्या पुढे अर्धा तास मी मनगटाला सुट्टी देतो.

उष्णता आहे, नाकारत नाही. मे महिन्यात मी ऑफिसला ॲक्टिवा नेतो.

तर्री_जास्त

"मे महिन्यात ॲक्टिवा नेतो." हे वाक्य मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो, राजेहो!

रामटेक_रविवार

लावा. पण मेमध्ये दुपारी 650 वर तरी कोण गाणी म्हणत फिरतं?

पाना_नंबर_दहा

उष्णतेवर दोघंही अर्धं बोलताय. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा जळणाऱ्या पेट्रोलमधलं काहीच चाकाला जात नाही, सगळ्याची उष्णताच होते. मोठं चार सिलिंडरचं इंजिन उभ्या उभ्या जास्त पेट्रोल पितं, म्हणून जास्त तापतं, इतकं साधं आहे. पंखा सुरू झाला की रेडिएटरमधली गरम हवा बाहेर येते आणि बाहेरच 45 असेल तर पंखा तरी काय करणार? गाडी चालू लागली की प्रश्न बराचसा मिटतो. म्हणजे 1000 हायवेला गुन्हेगार नाही, शहरात आहे. आणि धागाकर्ते वर्षातले किती दिवस शहरात असतात, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

खर्चाचं कोणी बोललं नाही. 650 ला मागचं टायर 160/60, 1000 ला 190/50. बदलायची वेळ आली की कळेल. दोन प्लग आणि आठ व्हॉल्व्हच्या जागी चार प्लग आणि सोळा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हची गॅप तपासायला जे उघडावं लागतं त्याची मजुरी वेगळी. इन्शुरन्स वेगळा. चार लाख हा आकडा दारातला आहे, आत आणखी खोल्या आहेत.

मी असतो तर आधी सीट उघडली असती. सीटचं काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून मागच्या सीटचा फोम बदलून घ्या, थोडी रुंद करून घ्या. दोघं आणि सामान असताना मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवता का? 43 हजारांत एकदा तरी हात लावलाय का त्याला?

संत्र्याची_साल

प्रीलोडला हात लावलेला नाही. पाना भाऊ, लाज काढलीत.

घाटातला_गुळगुळीत

कावासाकीचीच उंच व्हर्सिस 650 बघा ना. इंजिन तुमच्या ओळखीचंच, टाकी 15 ऐवजी 21 लिटरची, मागे बसायला ऐसपैस. सगळ्यांचं समाधान.

संत्र्याची_साल

उंची पाच फूट पाच. निंजाची सीट 790 मिलिमीटर आहे म्हणून पाय टेकतात. व्हर्सिसवर बसून पाहिलंय, मी घोड्यावर बसवलेल्या नवरदेवासारखा दिसतो. उतरवायला माणूस लागतो.

उगाच_आपलं

मी बाईकवाली नाही, पण अशा गाडीवर मागे बसणारी आहे. सगळी चर्चा वाचली. पाठ तुमच्या बायकोची, आणि तिला काय हवंय हे एकानंही विचारलं नाही. कदाचित तिला सावनेरला चहा, सौंसरला चहा आणि छिंदवाड्याला जेवण हवं असेल. माझे हे 180 किलोमीटर न थांबता ओढतात आणि मग सीटला दोष देतात.

दुसरं, हौस आहे असं सरळ म्हणा ना. हौसेला मोल नसतं, मान्य. पण हौस स्वतःची आणि कारण बायकोची पाठ, हे काही बरं नाही.

रामटेक_रविवार

ताई, टाळ्या. तरीही माझं मत घ्या असंच आहे. चाळिशी उलटल्यावर 238 किलोची गाडी घ्यायची हिंमत दरवर्षी थोडी कमी होते. पाच वर्षांनी हाच माणूस गुडघ्यांच्या धाग्यावर भेटेल.

पाना_नंबर_दहा

गुडघ्यांवरून आठवलं. गाडी लावता कुठे? बेसमेंटला असेल तर इंजिन बंद करून 1000 उतारावरून दोन पावलं मागे ढकलून बघा. ट्रायल राइडमध्ये हे कोणी करत नाही, आणि रोज सकाळी तेच करावं लागतं.

संत्र्याची_साल

जाऊन आलो. क्रमानं सांगतो.

हौस आहे. ताईंचं खरं आहे. कबूल.

मालकानं गाडी दोन तास दिली. बायकोला मागे बसवून कोराडीपर्यंत गेलो. मनगट वळवल्यावर जे काही होतं, त्याबद्दल रामटेक भाऊ कमीच बोलले होते. कोराडीला तिला विचारलं, तर म्हणाली, "सीट चांगली आहे. पण तू हिच्यावर जास्त चूप असतो." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मग आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये नेली. उतार आहे आणि खाली लगेच वळण. मागे ढकलताना एक पाय घसरला, गाडी एका बाजूला झुकली, आणि शेजारच्या काकांनी मागून धरली नसती तर मी आज दोन गाड्यांचे पैसे देत असतो. चूक पूर्ण माझी, चपला घालून गेलो होतो. पण हात दुपारपर्यंत थरथरत होता.

सध्या असं ठरलंय: सीट करायला टाकली, प्रीलोड वाढवला. एप्रिल तापायच्या आधी पचमढीला जाऊन येतो, ताईंच्या हिशोबानं चहा घेत. बायको सौंसरला बसकडे बघते का, ते पाहायचं. मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "जूनपर्यंत थांबतो, उन्हाळ्यात नागपुरात हिला कोण विचारतं?"

तर्री_जास्त

असं म्हणाला? मग भाऊ, घ्यायचीच असेल तर नवतपा उलटल्यावर घ्या. चाळीस-पन्नास हजार सहज तुटतील. भाव करायले मी येतो. चपला घालून नका येऊ.