मदत हवी आहे: जखम तपासायला शिकवण्यासाठी सावळा नकली पाय कुठे करून मिळेल?

मंडळी, मी कोपरखैरण्यात राहते. घरोघरी रुग्णसेवेला जाणाऱ्या मुलींना जखमेची काळजी शिकवते. बॅचमध्ये मुली बारा आणि पाय एकच, विनिलचा, बाहेरून आणलेला. टाचेवर बेडसोअर, अंगठ्याखाली मधुमेहाचा व्रण, करंगळीला काळं गँगरीन. तसा गुणी आहे. कागदी पट्टीने लांबी-रुंदी घेता येते, कापूसकाडीने खोली. कडेखालची पोकळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहायची, पायावर टाच १२ ला आणि बोटं ६ ला, हेही मुलींना त्याच पायावर कळलं.

पण पाय आहे गोरापान! लाली दारातूनच दिसते. मागच्या महिन्यात एका मुलीने सावळ्या आजींची टाच 'ठीक' म्हणून लिहिली. मी जाऊन हात लावला तर टाच गरम, दाबली की पिचपिचीत, रंग आजूबाजूपेक्षा जरा जांभळट. मुलीला काय बोलणार? लाल शोधायला मीच शिकवलं होतं. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. हाताने बघायचं, दुसऱ्या टाचेशी ताडून बघायचं.

एका मूर्तिकारांकडून अ‍ॅक्रिलिकने पाय रंगवून घेतला. दुसऱ्याच ड्रेसिंगला टेपबरोबर रंग निघून आला. (बीटाडिनचा डाग मात्र गेला नाही.)

ठाणे ते तुर्भे पट्ट्यात सिलिकॉनचं ओतकाम करणारं कुणी माहीत आहे का? घोडबंदरला मालिकांची शूटिंग चालतात, तिथले मेकअपवाले असं काम घेतील का? बजेट सांगितलं तर हसाल.

प्रतिसाद
ताई, प्रोस्थेटिक मेकअप करतो, ठाण्यातच. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं, दुसरा कुठलाही रंग सोलून निघतो. म्हणून रंग ओतण्याआधीच मिसळायचा, वरच्या छटाही सिलिकॉनमध्येच कालवून लावायच्या. साचा घरी होईल. दातांच्या सामानाच्या दुकानात आल्जिनेट (ठसा घ्यायची पावडर) मिळतं, ते गार पाण्यात कालवा म्हणजे हाताला वेळ मिळेल. पाय बाहेर आला की लगेच प्लास्टर ओता, तसंच ठेवलं तर आक्रसतं. सिलिकॉन हाताळताना लेटेक्सचे हातमोजे नकोत. त्याने प्लॅटिनमवालं सिलिकॉन चिकटच राहतं, सेट होत नाही. नायट्राइलचे घाला. पिचपिचीत टाचेसाठी आतल्या थरात सिलिकॉन तेल वाढवायचं.

धागाकर्ती
दादा, फार मोठं काम झालं! व्यक्तिगत निरोप केलाय. टाच गरम लागावी म्हणून वर्गाआधी तिथे गरम पाण्याची पिशवी धरली तर सिलिकॉनला काही होणार नाही ना? पायाचं म्हणाल तर सासूबाई तयार आहेत, भेगांसकट. फक्त त्या गारठ्यात पाय किती वेळ ठेवायचा ते आधी सांगा म्हणतात.

प्रतिसाद
पिशवी खुशाल धरा. आजींना सांगा, पाचेक मिनिटं.