मदत हवी आहे: व्हायरल लोड 'आढळला नाही', तरी सीडी-फोर वाढेना

केजकर
भावाला एचआयव्ही आहे, त्याचा रिपोर्ट आला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, आढळला नाही, पण सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) २१०. आधी १६० होतं. विषाणूच नाही, तर पेशी मारतंय कोण? आई सारखी रडायलीय. गोळी बदलून मागावी का? लवकर सांगा.

मांजराकाठ
गोळ्या कधीपासून? कोणत्या? टीबी तपासला का?

पैठणचा_अण्णा
गुळवेलीचा काढा द्या, सकाळी अनशापोटी. माझ्या मेव्हण्याला महिन्यात फरक पडला.

लॅबवाली_ताई
अण्णा, हात जोडते, काढा नको. गुळवेलीनं यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवलेत.
केजकर, आढळला नाही म्हणजे रक्तात मोजण्याइतका नाही. झोपलेल्या पेशींमध्ये तो दडून असतो, म्हणून गोळी जन्मभर. सीडी-फोर पेशी बाकीच्या पेशींना कामाला लावतात. विषाणू त्यांच्यातच शिरून स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी मरते. शिवाय शरीर सतत लढत राहिल्यानं न शिरलेल्याही कितीतरी मरतात. आतड्याच्या अस्तरातल्या तर पहिल्या काही आठवड्यांतच जातात. एवढी पडझड भरायला वेळ लागतो, सुरुवात २०० च्या खाली असली की जास्तच. १६० चे २१० ही वाढच आहे.

पैठणचा_अण्णा
आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या काढा चालतो, कुणाचं यकृत गेलं नाही.

ऊसतोड_पोर
कारखान्यावर जाणार असाल तर एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं) आधी सांगा. जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतात का विचारा. शंकेला १०९७ हेल्पलाइन आहे, फुकट.

केजकर
तो कुठं जायचा नाही, गावातच दुकान आहे. सात महिने झाले, टीएलडी (एचआयव्हीच्या तीन औषधांची मिळून एक गोळी) रात्री एक. टीबीच्या गोळ्या पण चालू आहेत, ते सांगायचं राहिलं.

मांजराकाठ
हेच आधी सांगायचं! टीबीच्या रिफाम्पिसिन औषधानं टीएलडीतलं डोल्युटेग्राविर रक्तात कमी होतं, म्हणून ते बारा तासांनी वेगळं पुन्हा देतात. सकाळची जास्तीची गोळी आहे का?

केजकर
आहे. आम्हाला ती ताकदीची वाटली. या आठवड्यात तीनदा दिलीच नाही.

लॅबवाली_ताई
आजपासून द्या. उद्या सगळी पाकिटं घेऊन सेंटरला जा आणि चुकलेले दिवस खरे सांगा. गोळी मनानं बदलू नका, बंद तर मुळीच करू नका.