टीईएलचा धंदा मेला म्हणे!

सुकाणू: ‘अल्जीरियानं जुलै २०२१ मध्ये शिशाचं पेट्रोल बंद केलं, टीईएलचा व्यापार संपला, विषय संपला’ अशी पोस्ट इथे पडली आणि वर टाळ्याही पडल्या. टीईएल म्हणजे टेट्राइथाइल लेड, पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला घालतात ते शिशाचं रसायन. रस्त्यावरचं संपलं, कबूल. आणि आकाशातलं? पिस्टन इंजिनाच्या विमानात भरतात त्या निळ्या १००एलएल इंधनात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलला मर्यादा ०.००५. शंभरपटीहून जास्त, आणि नाव काय, तर ‘लो लेड’! त्यातलं टीईएल येतं इंग्लंडमधल्या एल्समेअर पोर्टच्या इनोस्पेक कंपनीकडून. इराक आणि इंडोनेशियात लाच दिल्याची कबुली याच कंपनीनं २०१० मध्ये कोर्टात दिली. गिऱ्हाईक घटायला लागलं की धंदा असा रेटतात. आपणही मागे नाही. वडोदऱ्याच्या रिफायनरीत २०२२ पासून १००एलएल बनतं आणि २०२३ मध्ये जेएनपीटीतून पापुआ न्यू गिनीला रवानाही झालं.

मॅग्नेटो: झालं रडगाणं? आता ऑक्टेनचं बोला, म्हणजे दाबाखाली इंधन अवेळी न पेटण्याच्या ताकदीचं. १००एलएलचा मोटर ऑक्टेन किमान ९९.६. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात ९४चं बिनशिशाचं भरून पूर्ण थ्रॉटलवर टेकऑफ घ्या, डिटोनेशननं (इंधन स्फोटासारखं पेटून) पिस्टनला भोक पडेल. अशी विमानं संख्येनं कमी, पण तीच जास्त उडतात आणि बहुतेक इंधन तीच पितात. अमेरिकेत बिनशिशाच्या जी१००यूएल इंधनाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, तर रंग उडतो, टाकीचं सीलंट सुटतं अशा तक्रारी. शिवाय ते आणि १००आर हे दुसरं बिनशिशाचं इंधन एकमेकांत मिसळायची परवानगी नाही. दोन विमानतळांवर दोन इंधनं मिळाली तर पायलटनं काय करायचं?

जुनं_हेड: विमानं उडवा तुम्ही. २००० च्या फेब्रुवारीत शिसं काढलं आणि जुन्या अ‍ॅम्बॅसिडर-पद्मिनीच्या व्हॉल्व्ह सीटांची (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांची) माती झाली, त्याचं काय? आता पेट्रोलमध्ये बाटलीतलं ‘लेड’ ओतत बसा.

सुकाणू: इथे व्यापाराची चर्चा चालू आहे.

टॅपेट०१५: असू दे, पण चुकीचं राहायला नको. त्या बाटलीत शिसं नसतं हो. पोटॅशियम, फॉस्फरस नाहीतर मँगनीज. मँगनीजवाली जास्त ओतली की प्लगवर तांबूस थर बसतो आणि मिसफायर. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीसारखा राहायचा. तो गेला की बिडाची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप मिटतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कडेनं जळतो. पण हे होतं सतत चढ्या आरपीएमवर. गावातल्या गावात चाळीसनं जाणाऱ्या गाडीला फारसं काही होत नाही. दर हजार-दीड हजार किलोमीटरला थंड इंजिनावर गॅप मोजा. तो पुन्हापुन्हा कमी भरला तरच हेड उतरवा, खाचा कापून कडक पोलादाच्या इन्सर्ट (नव्या सीटच्या कड्या) बसवा. हेड तापवायचं, इन्सर्ट गार करून ठोकायची. फिट सैल राहिली तर इन्सर्ट सुटून पिस्टनवर पडते, तेव्हा घाईचा लेथवाला नको.

जुनं_हेड: म्हणजे बाटली फुकट? कंपन्या वेड्या?

टॅपेट०१५: कंपन्या नाहीत.

मॅग्नेटो: शिशाचे गुण गाणाऱ्यांसाठी आणखी एक. शिसं सिलेंडरमधून बाहेर काढायला एव्हगॅसमध्ये (१००एलएलसारख्या विमानाच्या पेट्रोलमध्ये) डायब्रोमोइथेन घालावं लागतं, तेही विषारीच. त्याचं काम गरम इंजिनात. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) मिश्रणात इंधन जास्त ठेवलं तर शिशाचे गोळे खालच्या प्लगमध्ये अडकतात, म्हणून जमिनीवर मिश्रण लीन करतात, म्हणजे इंधन कमी करतात.

सुकाणू: अरे वा, हे तुम्हीच लिहिलंत!

मॅग्नेटो: शिसं चांगलं असं मी म्हटलंच नव्हतं. एका रात्रीत बंद होत नाही, एवढंच. युरोपात १ मे २०२५ पासून परवान्याशिवाय टीईएल वापरता येत नाही, अमेरिकेत २०३० चं लक्ष्य आहे. गोंदिया-बारामतीकडे पायलट शिकवायला नवीन ट्रेनर विमान घेणाऱ्यांनी जेट ए-१ वर (जेट विमानांच्या रॉकेलसारख्या इंधनावर) चालणारं डिझेल इंजिन बघावं. खूश?

सुकाणू: अर्धा. जुन्या टाक्यांच्या तळाशी शिशाचा गाळ राहणार, आणि टीईएल कातडीतूनही शरीरात जातं. नुसता मास्क लावून त्या टाकीत माणूस उतरवणार का?

जुनं_हेड: इन्सर्टचा खर्च किती येतो ते कुणी सांगेल का?