घरभर फोन कसा वाजवलात? (फायबर, राउटर, पॅरलल म्हणजे एकाच लाईनवर अनेक फोन, वगैरे) अनुभव लिहा

सुमी_नाशिक
घराचं रंगकाम सुरू आहे. आज स्वयंपाकघरातलं कपाट सरकवलं तर मागे टेलिफोनचं सॉकेट, रंगाखाली पार बुजलेलं. बाबांची आठवण आली एकदम. तांब्याची लाईन बंद करून फायबर घेतलं तेव्हा तो मुलगा हॉलमध्ये राउटर ठोकून, फोन त्याच्या मागे खोचून "झालं काकू" म्हणून निघूनपण गेला. आता आई दिवसभर स्वयंपाकघरात आणि बाबा वर माडीवर, हॉलमधली रिंग ऐकणार कोण? बाबा एमएसईबीतले, त्यांनी पोर्चमधला रोझेट (फोनच्या वायरी जोडायची डबी) उघडला, बाहेरून येणारी वायरची जोडी सोडवून तिला टेप गुंडाळली, आणि राउटरच्या फोनच्या पोर्टातून एक वायर हॉलच्या जुन्या सॉकेटात घातली. बास. भिंतीतली सगळी जुनी सॉकेटं जिवंत झाली. पहिला फोन मावशीचा आला तर तीन खोल्यांतून तीन हॅलो, ती घाबरून म्हणे राँग नंबर. तुम्ही काय काय केलंत, लिहा.

तारयंत्री
ती बाहेरची जोडी सोडवली हे सगळ्यात महत्त्वाचं. लोक तेच विसरतात. टेलिफोन एक्स्चेंजच्या लाईनवर 48 व्होल्ट डीसी असतं आणि रिंग येते तेव्हा त्याहून बरंच जास्त, ते राउटरच्या पोर्टात उलटं शिरलं तर पोर्ट गेलाच समजा. कनेक्शन बंद केलंय म्हणून वायर मेलेली असेलच असं नाही.

झंप्या
पॅरलल म्हटलं की मला फक्त एवढंच आठवतं की मी वर कुजबुजतोय आणि खालच्या फोनवर कुकरची शिट्टी ऐकू येतेय 😭 आईने शेवटपर्यंत कबूल केलं नाही

सुमी_नाशिक
@झंप्या आमच्याकडे मिक्सर

चहाबाज
लाईट गेल्यावर काय करता पण? जुन्या फोनला करंट एक्स्चेंजच्या बॅटरीवरून यायचा त्यामुळे गाव अंधारात असलं तरी फोन चालू. आता राउटर मेला की फोन मेला. आमच्या वाईच्या घरी सासरे एकटे असतात आणि गुरुवारी लाईट जाणार म्हणजे जाणारच, म्हणून 12 व्होल्टचा तो छोटा यूपीएस मिळतो ना राउटरचा, तो लावला. आणि हो, फोन साधा वायरवालाच ठेवा, कॉर्डलेसच्या बेसला परत वेगळी वीज लागते मग यूपीएसचा उपयोग काय

पोळीभाजी
+१ यूपीएस. आमच्या सोसायटीत लिफ्टपण बंद फोनपण बंद, आजोबा मध्येच अडकलेले. असो. @सुमी रंगाचा रेट काय चाललाय नाशकात? आमच्याकडे सांगतात ते ऐकून चुनाच लावावा वाटतोय

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत जुन्या घरांत सगळं तळघरातून फिरवलेलं असतं. आम्ही इंटरनेट फोनचा डबा घेतला, बाहेर भिंतीवर जी करडी पेटी असते त्यातला प्लग काढला की कंपनीची लाईन तुटते, मग सेम सुमीताईंच्या बाबांसारखं. फक्त एक लक्षात ठेवा, डबा किती फोनच्या घंट्या वाजवू शकतो त्याला मर्यादा असते. नवे इलेक्ट्रॉनिक फोन कमी ओढतात, जुने खरी घंटावाले जास्त, ते एकदम बरेच लावले की सगळेच मुके. दुसरं म्हणजे 911, इकडचा इमर्जन्सी नंबर. हा डबा कुठेही नेऊन लावता येतो म्हणून घर बदललं की अकाउंटमध्ये पत्ता बदलायलाच हवा, नाहीतर अँब्युलन्स जुन्या घरी जाईल.
अवांतर: स्काईप मे 2025 मध्ये बंद झालं तरी आमची आजी अजून म्हणते "स्काईप लाव रे", लावतो आपला व्हॉट्सअॅप

कोथरूडची_आत्या
मी हौसेने माळ्यावरचा काळा चकतीवाला फोन काढून पुसून लावला. रिंग काय खणखणीत! पण आमच्याकडून फोन लागेचना. चकती फिरवली तरी डायल टोन आपला चालूच.

तारयंत्री
@आत्या तो पल्सवर (लाईन टकटक तोडून-जोडून) नंबर पाठवतो, बहुतेक राउटरना बटणांचे टोनच कळतात. मध्ये लावायचा कन्व्हर्टर मिळतो. नाहीतर येणाऱ्या फोनसाठी ठेवा.

कोथरूडची_आत्या
मग येणाऱ्यालाच ठेवते. तसेही येतात ते लोनवाल्यांचे.

निवांत
वायरबियर कशाला, ऑपरेटरचं अॅप टाकलं की लँडलाईनचा कॉल मोबाईलवर येतो. माझ्या दुकानात तेच. आधी भयंकर त्रास, समोरच्याला माझं ऐकू जायचं, त्याचं मला नाही, गिऱ्हाईक शिव्या घालतंय हेसुद्धा कळत नव्हतं 😄 राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं, इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारं सेटिंग असतं ते भाच्याने बंद केलं, मग नीट. स्पीड वगैरे काही लागत नाही हो, एका कॉलला 100 केबीपीएसच्या आतच जातं.

सुमी_नाशिक
@निवांत आईच्या हातात स्मार्टफोन द्या आणि मग बोला

परत_आलेली
अमेरिकेहून येताना तिकडचा कॉर्डलेस आणू नका प्लीज. त्याची फ्रिक्वेन्सी 1920 ते 1930 मेगाहर्ट्झ, इथे ती मोबाईलवाल्यांच्या पट्ट्यात येते, टॉवरला त्रास होतो. आमचा खोक्यातच पडलाय, सोबत 110 व्होल्टचा अॅडॉप्टर

पोळीभाजी
आमचे हे अजून लँडलाईनवरून मोबाईल लावताना नंबराआधीचं शून्य विसरतात. 15 जानेवारी 2021 पासूनचा नियम! रोज ती बाई रेकॉर्डवर सांगते, रोज हे तिच्याशी भांडतात

झंप्या
निदान कोणाशी तरी बोलतात लँडलाईनवर

एडिसनकर
@आत्या तो काळा फोन विकणार असाल तर कळवा, डिसेंबरमध्ये पुण्यात आहे

कोथरूडची_आत्या
विकायचा नाहीये. चहाला या आणि तिथेच चकती फिरवून घ्या.