जपानमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक: मराठी माध्यमातून शिकलेल्यांना व्हिसा मिळतो का?

कृष्णाकाठ:
सर्वांना नमस्कार. माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आठवी ते दहावी गणित आणि विज्ञान एवढे दोनच विषय सेमी-इंग्रजीतून होते. पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. आणि एम.ए. केले असून सध्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. जपानीची एन४ परीक्षा (एन५ ते एन१ अशा चढत्या पाच पातळ्यांतील खालून दुसरी) उत्तीर्ण आहे. जपानी शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीने मुलाखत घेतली, नंतर ‘बारा वर्षे इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा’ मागितला आणि त्यानंतर माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही. हा कंपनीचा नियम आहे की सरकारचा? आणि तो सरकारचा असेल, तर माझ्यापुढे कोणता मार्ग उरतो?

सेंदाईकर:
हा नियम सरकारचाच आहे. सरकारी शाळेत शिकवण्यासाठी जो ‘क्योइकु’, म्हणजे शिक्षकाचा, निवासदर्जा (व्हिसाचा प्रकार) लागतो, त्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. इंग्रजी हा विषय शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे यांत जपानचे इमिग्रेशन खाते स्पष्ट फरक करते. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी विषय असतो, हे सांगून तेथे काहीही साधत नाही. पदवीची वर्षे धरली जातात, परंतु आपली बी.ए. आणि एम.ए.ची मिळून पाचच होतात. शिवाय बी.ए.चे इतर विषय मराठीतून लिहिले असतील, तर विद्यापीठाकडून शिक्षणमाध्यमाचा दाखला मिळवतानाही अडचण येईल. उत्तर न देणे हा मात्र त्या कंपनीचा निव्वळ उद्धटपणा आहे.

खासगी संभाषणवर्गांचा, म्हणजे ‘एइकाइवा’चा, व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो. त्याला पदवी लागते, बारा वर्षांची अट कायद्याने लागू होत नाही; तरीही अनेक संस्था स्वतःहून ती घालतात, त्यामुळे जाहिरात नीट वाचावी. त्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला पुढे सरकारी शाळेत जायचे झाल्यास दर्जाबदल किंवा वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि तेथे पुन्हा हीच अट आडवी येते.

गुरुजी_गिफूचे:
मी इंग्रजी माध्यमातला, त्यामुळे व्हिसा सहज मिळाला. अडचण पुढे आली. १९८७ पासून चालू असलेल्या ‘जेट’ या सरकारी योजनेतून येणाऱ्याला नगरपालिका किंवा प्रांतीय शिक्षण मंडळ थेट नेमते. करार एका वर्षाचा असतो आणि फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो. कंपनीमार्फत येणाऱ्याचा मालक शाळा नसून कंपनी असते. माझ्या करारात ऑगस्ट आणि डिसेंबरचा पगार सुट्ट्यांमुळे कापला जाई, घरभाडे मात्र पूर्ण भरावे लागे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या ताईंना हा हिशेब मी वेगळा समजावून सांगायला नको! पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च, घराची अनामत, घरमालकाला द्यायचे, परत न मिळणारे ‘रेइकिन’ आणि खेडेगावात नेमणूक झाल्यास मोटार, एवढे पैसे गाठीशी असल्याखेरीज निघू नये.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. व्हिसाचे चित्र स्पष्ट झाले. आता एक विचारते: वर्गात प्रत्यक्ष काम काय असते? दोन वर्षे मी एकटीने वर्ग सांभाळला आहे.

पाचवी_ब:
‘सहायक’ हा शब्द शब्दशः घ्यावा. परवानाधारक जपानी शिक्षक वर्गाचा प्रमुख असतो. माध्यमिक शाळेत व्याकरण तो जपानीतून शिकवतो आणि आपण संवाद मोठ्याने वाचायचे, मुलांनी ते आपल्यामागून म्हणायचे. काही शाळांत पन्नास मिनिटांत याहून अधिक काही वाट्याला येत नाही. प्राथमिक शाळेत चित्र पुष्कळदा उलटे असते. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, परंतु वर्गशिक्षकांपैकी अनेकांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, त्यामुळे पंचेचाळीस मिनिटांचा बहुतेक भार सहायकावर येतो आणि मला तरी तेच काम आवडले. दुपारी मुलांबरोबर वर्गातच शाळेचे जेवण घ्यायचे असते. शाकाहारी असाल तर पहिल्याच आठवड्यात सांगा, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो; मी वर्षभर डबा नेला आणि रोज तो वीस मुलांना उघडून दाखवला.

आपल्या बाबतीत माझे मत सेंदाईकरांहून थोडे वेगळे आहे. एइकाइवाच्या मागे धावण्यापेक्षा जपानी भाषा एन२ पर्यंत न्यावी. जेट योजनेतच ‘आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक’ हे दुसरे पद आहे, ज्यासाठी शिक्षणाचे माध्यम नव्हे, तर जपानीवरील प्रभुत्व पाहिले जाते. एन४ वरून तेथे पोहोचायला वेळ लागेल, परंतु परीक्षा पुण्यातच देता येते.

कृष्णाकाठ:
डिसेंबरच्या एन३ चा अर्ज भरते.