मदत हवी आहे: इंटर्नशिप डायरीत पक्षकाराची मुलाखत किती तपशिलाने लिहावी?

मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून, नुकतीच नागपुरातील सिव्हिल लाइन्स भागातल्या एका लॉ फर्ममधील अल्पकालीन इंटर्नशिप पूर्ण केली आहे. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार पक्षकारांच्या दोन मुलाखती पाहून त्यांची नोंद डायरीत करायची असते आणि त्याला 15 गुण असतात. मात्र मी पाहिलेल्या दोन्ही मुलाखती कौटुंबिक वादाच्या होत्या, आणि पक्षकाराची ओळख पटेल असे काहीही बाहेर जाणार नाही, हे फर्मने सुरुवातीलाच माझ्याकडून लेखी घेतले होते (ते योग्यच आहे). भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 132 वाचले; गोपनीयतेचे बंधन वकिलांच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे त्यात म्हटले आहे, परंतु इंटर्नचा उल्लेख नाही. नावांऐवजी ‘अर्जदार’ व ‘गैरअर्जदार’ लिहून मसुदा केला, तरी गाव, व्यवसाय आणि तारखा वगळल्यावर नोंद अगदीच पोकळ वाटते. वरिष्ठ वकील मसुदा वाचून सही देण्यास तयार आहेत. विधी सेवा केंद्रात नव्याने मुलाखती पाहण्याइतका वेळ तोंडी परीक्षेपूर्वी उरलेला नाही. अशा वेळी घटनाक्रम गाळून केवळ मुलाखतीची पद्धत, म्हणजे वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांचा क्रम, मागितलेली कागदपत्रे व दिलेला सल्ला, एवढेच लिहिलेली डायरी नागपुरातील परीक्षकांनी स्वीकारल्याचा कोणाचा अनुभव आहे का?